ऐच्छिक म्हणजे अनावश्यक नव्हे

(स्थापत्य आणि खनिकर्म अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



येत्या आठवड्यात तुमच्या हाती ऐच्छिक विषयांची यादी पडेल. तिच्यात पंधरा-वीस नावे असतील आणि त्यांतील दोन किंवा तीन नावांपुढे तुम्हांला खूण करावयाची असेल. ही खूण विद्यार्थी कशी करतात, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. कोणते शिक्षक गुण सढळ हाताने देतात, कोणता तास सकाळी लवकर येत नाही, मित्र कोणता विषय घेत आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की पाच मिनिटांत काम उरकते. यात मी तुम्हांला दोष देत नाही. त्या यादीमागे काय आहे हे तुम्हांला कोणी सांगितलेले नसते. ते सांगावे, एवढ्याच हेतूने मी आज उभा आहे.

आपल्या देशात अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. रुरकी येथे १८४७ मध्ये जे महाविद्यालय निघाले, ते गंगेच्या कालव्यासाठी. कालवा खणावयाचा होता, सोलानी नदीवरून तो जलसेतूने न्यावयाचा होता, आणि त्यासाठी मोजणी करणारी, नकाशे काढणारी, बांधकामावर देखरेख ठेवणारी माणसे हवी होती. पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तोही सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी मिळावेत म्हणून. काय शिकावयाचे हे नोकरी देणाऱ्या सरकारने ठरविलेले होते. खाणींच्या शिक्षणाला तर याहून अधिक वाट पाहावी लागली. खनिकर्माचे महाविद्यालय स्थापन करावे अशी मागणी राष्ट्रीय काँग्रेसने १९०१ मध्ये केली. धनबादचे इंडियन स्कूल ऑफ माइन्स उघडले ते १९२६ मध्ये. या सर्व संस्थांनी उत्तम अभियंते घडविले, यात शंका नाही. परंतु त्यांचे अभ्यासक्रम म्हणजे एका ठरावीक कामासाठी दिलेले ठरावीक साहित्य होते.

विद्यार्थ्याने विषय स्वतः निवडावा, ही कल्पना दुसरीकडून आली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून चाळीस वर्षांच्या आपल्या कारकिर्दीत तिचा हिरिरीने पुरस्कार केला. तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. मुले सोपे तेवढेच उचलतील, असे टीकाकार म्हणत, आणि ते सर्वस्वी चूक होते असे मला म्हणवत नाही. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही कल्पना सावकाश झिरपली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये जो आदर्श अभ्यासक्रम सुचविला, त्यात पदवीसाठी एकूण १६० श्रेयांक धरले आहेत. त्यांपैकी सुमारे १८ श्रेयांक आपल्या शाखेतील ऐच्छिक विषयांसाठी आणि तितकेच अन्य शाखांतील खुल्या विषयांसाठी ठेवलेले आहेत. म्हणजे पदवीचा जवळजवळ पाचवा हिस्सा तुमच्या स्वाधीन केलेला आहे. एवढी मोठी मालमत्ता पाच मिनिटांत उधळू नये, असे मला वाटते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. एखादा विषय ऐच्छिक का असतो? तो कमी महत्त्वाचा असतो म्हणून, असा सार्वत्रिक समज आहे. विषयांचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही.

मृदायामिकीचेच उदाहरण घ्या. आज तिच्यावाचून स्थापत्य अभियंत्याला पदवी मिळत नाही. परंतु कार्ल टेर्झागी यांचा या विषयावरील पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९२५ मध्ये. त्यापूर्वीच्या पिढ्यांनी अनुभवाच्या आणि अंदाजाच्या बळावर पाये घातले. मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वजा केल्यावर जो दाब उरतो, तोच मातीची ताकद ठरवितो. हा साधा वाटणारा सिद्धांत त्यांना उपलब्ध नव्हता.

खडकांच्या बाबतीत तर हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. २ डिसेंबर १९५९ च्या रात्री दक्षिण फ्रान्समधील मालपासे धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. धरण पातळ कमानीचे होते आणि त्याचे काँक्रीट उत्तम होते. दगा दिला तो डाव्या तीरावरील, धरणाला टेकू देणाऱ्या खडकाने. त्यातील भेगांत पाण्याचा दाब साठला आणि खडकाचा मोठा तुकडाच सरकला. यानंतर पुरते दोन महिनेही लोटले नव्हते, तोच २१ जानेवारी १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक येथील कोळशाच्या खाणीत छताला आधार म्हणून राखलेले कोळशाचे खांब एकापाठोपाठ एक चिरडले गेले. तेथेही चारशेहून अधिक कामगार गाडले गेले. पहिली दुर्घटना स्थापत्याची, दुसरी खाणीची. पहिलीत खडकाच्या भेगांचे वर्तन कोणी नीट मोजलेले नव्हते, दुसरीत खांबाची ताकद कोणी नीट मोजलेली नव्हती.

त्यानंतर १९६२ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे शैलयामिकीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. दक्षिण आफ्रिकेत सॅलॅमन आणि मन्रो या संशोधकांनी टिकून राहिलेल्या आणि कोसळलेल्या मिळून १२५ ठिकाणच्या खांबांचा हिशेब मांडला व १९६७ मध्ये खांबाच्या ताकदीचे सूत्र सिद्ध केले. खनिकर्माच्या विद्यार्थ्याला ते आजही शिकविले जाते. तुम्ही ते परीक्षेसाठी पाठ करता, तेव्हा त्यातील प्रत्येक अंकामागे कोसळलेले एखादे छत आहे, एवढे ध्यानी असू द्या.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, असे दीर्घकाळ मानले जात असे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. धरणाला तडे गेले, तरी ते उभे राहिले; पुढे आधारभिंती देऊन ते बळकट करण्यात आले. त्या वेळी रुरकी येथे भूकंप अभियांत्रिकीचे केंद्र काम करीत होते. त्याची स्थापना १९६० मध्ये, म्हणजे सात वर्षे आधी, प्राध्यापक जय कृष्ण यांच्या पुढाकाराने झाली होती. तथापि देशभरच्या बहुतेक महाविद्यालयांत हा विषय एक तर नव्हताच, किंवा यादीच्या तळाशी होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तो प्रदेश नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे दहा हजार माणसे झोपेतच गेली. त्यानंतर २६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरले. अखेर २००३ मध्ये केंद्र सरकारने भूकंप अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि त्यातून ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतील अध्यापकांना या विषयाचे प्रशिक्षण मिळू लागले.

कोयनेपासून या कार्यक्रमापर्यंत पस्तीसहून अधिक वर्षे गेली. त्या काळात पदवी घेऊन बाहेर पडलेल्या किती तरी अभियंत्यांनी शाळा बांधल्या, इस्पितळे बांधली, घरे बांधली. भूकंप हा शब्द त्यांपैकी अनेकांनी वर्गात ऐकलेलाही नव्हता. म्हणून मी म्हणतो की कालचा ऐच्छिक विषय हा पुष्कळदा आजचा अनिवार्य विषय असतो, आणि या दोन अवस्थांच्या मधला काळ अनेकदा अपघातांनी भरलेला असतो. ऐच्छिक विषयांची यादी म्हणजे ज्ञानाची वाढती कड होय. तेथे जे आहे ते अद्याप सर्वांना सक्तीने शिकविण्याइतके स्थिरावलेले नाही, इतकाच त्याचा अर्थ.

या सभागृहात स्थापत्याचे विद्यार्थी उजवीकडे आणि खनिकर्माचे डावीकडे बसले आहेत. ही विभागणी कोणी केली हे मला ठाऊक नाही, पण चार वर्षे ती अशीच चालते. डोंगराला मात्र तुमच्या शाखा ठाऊक नसतात. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी बोगद्याचे तोंड उघडण्यात आले. बोगदा आतून खणत नेऊन तळाशी खडकाचा एक बूच तेवढा राखावयाचा आणि शेवटी सुरुंगाने तो उडवून पाण्याला वाट करून द्यावयाची, अशी ही पद्धत आहे. २०१२ मध्ये तेथेच ती पुन्हा वापरण्यात आली. हे काम स्थापत्याचे की खनिकर्माचे? धरण आणि वीजगृह स्थापत्याचे. सुरुंगाची छिद्रे, त्यांचा क्रम, त्यांतील क्षणांशांचे अंतर ही खाणकामाची विद्या. दोन्ही येत नसत्या, तर त्या डोंगराने कोणाचेच ऐकले नसते.

याउलट एक कटू उदाहरण आहे. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या सकाळी, उत्तराखंडमधील सिल्क्यारा येथे रस्त्याच्या बोगद्याचा भाग कोसळला आणि ४१ कामगार आत अडकले. सुमारे साठ मीटर जाडीच्या ढिगाऱ्यातून पोलादी नळ सरकविण्यासाठी मोठे यंत्र आणले गेले. शेवटचे दहा-बारा मीटर उरले असता ते यंत्र आतील लोखंडात अडकून मोडले. मग ज्यांना ‘रॅट-होल’ कामगार म्हणतात, ती माणसे नळात शिरली आणि त्यांनी साध्या हत्यारांनी, हाताने माती उपसून वाट केली. सतराव्या दिवशी, २८ नोव्हेंबरला, सर्व ४१ जण सुखरूप बाहेर आले. त्या घटनेतून यंत्राविरुद्ध हाताचा विजय असा अर्थ काढणे मला पटत नाही. मला त्यातून एवढेच दिसते की कोसळलेल्या जमिनीतून वाट काढण्याचे ज्ञान खाणींपाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे आणि बोगदे बांधणाऱ्याला ते पदवीपूर्वीच ठाऊक असणे इष्ट आहे.

दोन्ही शाखांची विचार करण्याची रीतही भिन्न आहे, आणि ती भिन्नता शिकण्याजोगी आहे. स्थापत्य अभियंता बोगदा खणतो तो शंभर वर्षे टिकावा म्हणून. खाणीतील कामाच्या जागेचे आयुष्य कधी काही वर्षांचे, कधी काही महिन्यांचे. कोळशाचे खांब काढून घेताना खाणीचा अभियंता मागचे छत मुद्दाम कोसळू देतो. ते वेळेवर कोसळले नाही, तरच त्याची झोप उडते. छत पडणे हे एकाचे अपयश, तर दुसऱ्याची योजना. स्थापत्याच्या विद्यार्थ्याने खाणीच्या स्तरनियंत्रणाचा एक विषय घेतला, तर जमीन हलते, बोलते, इशारे देते हे त्याला कळेल. खनिकर्माच्या विद्यार्थ्याने पाये आणि भूजल यांवरचा एक विषय घेतला, तर आपल्या खाणीच्या वर कोणाची तरी घरे, रस्ते आणि रेल्वेमार्ग आहेत याचे त्याला भान राहील. झरियाच्या कोळसाक्षेत्रात जमिनीखाली शंभराहून अधिक वर्षे आगी धुमसत आहेत आणि वरची वस्ती खचत आहे. ते दुःख एका शाखेच्या पुस्तकात मावणारे नाही.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती मी फारशी कोणाला सांगितलेली नाही. मी विभागप्रमुख होतो, तेव्हाची ती आहे. आमच्याकडे खाणींचे सर्वेक्षण आणि जुन्या कामांचे नकाशे या नावाचा एक ऐच्छिक विषय होता. तो शिकविणारे अध्यापक निवृत्तीला आले होते. स्वभावाने अबोल, पण नकाशा हाती आला की तासन्‌तास बोलत. दहा विद्यार्थी असल्याखेरीज ऐच्छिक विषय चालवू नये, असा नियम होता. त्या वर्षी चार जणांनी नावे दिली. कागद माझ्या मेजावर आला आणि विषय बंद करण्याच्या आदेशावर मी सही केली. नियमाला धरूनच केली. त्या चौघांपैकी एक जण मला भेटावयास आला. “सर, हा विषय पुढच्या वर्षी असेल का?” त्याने विचारले. “पुढच्या वर्षी पाहू,” मी म्हणालो. पुढच्या वर्षी ते अध्यापक निवृत्त झाले आणि विषयाचे नाव यादीतून गळले.

काही वर्षांनी त्याच मुलाचा मला दूरध्वनी आला. तो एका कोळसाखाणीत अधिकारी झाला होता. त्याचे काम पुढे सरकत एका बंद पडलेल्या जुन्या खाणीच्या हद्दीकडे चालले होते. आपल्या नियमांनुसार दुसऱ्या कामापासूनचे अंतर ६० मीटरच्या आत आले, की लेखी परवानगीवाचून पुढे जाता येत नाही. परंतु हे साठ मीटर मोजावयाचे कोठून? नकाशावरून. त्याच्यापुढे दोन नकाशे होते. दोहोंची उत्तर दिशा जुळत नव्हती आणि दोहोंतील हद्दीत वीस-पंचवीस मीटरांची तफावत येत होती. “सर, असे नकाशे कसे जुळवावेत हे कोणाला विचारू?” तो म्हणाला. ज्यांना विचारावयाचे, ते तोवर हयात नव्हते.

त्याने आपल्या बुद्धीने काम थांबविले आणि पुढे चाचणीची छिद्रे घेण्याचा आग्रह धरला. उत्पादन बुडाल्याबद्दल त्याला वरिष्ठांचे बोल ऐकावे लागले. छिद्रांतून पाणी आले. ते थोडे होते आणि हळूहळू काढून टाकता आले. काहीही घडले नाही. मित्रहो, अभियंत्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे यश बहुधा असेच असते: काहीही घडत नाही, आणि म्हणून कोणाला ते कळतही नाही. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही. २७ डिसेंबर १९७५ रोजी चासनाला येथे जुन्या कामांत साठलेले पाणी खालच्या खाणीत फुटले आणि सुमारे पावणेचारशे कामगार बुडाले. ही तारीख मी प्रतिवर्षी वर्गात सांगत होतो. ती सांगणाऱ्या माणसानेच नकाशे शिकविणारा विषय बंद केला होता.

याच विद्येने माणसे वाचविलीही आहेत. १३ नोव्हेंबर १९८९ रोजी राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी घुसले आणि ७१ कामगार अडकले. सहा जण दगावले. बाकीचे खाणीच्या उंचावरील भागात एकत्र आले होते. वरून छिद्र पाडून त्यांच्याशी संपर्क साधण्यात आला, अन्न पोचविण्यात आले. मग रुंद विवर खणून पोलादाची एक कुपी खाली सोडण्यात आली. धनबादचेच विद्यार्थी असलेले अभियंता जसवंत सिंग गिल स्वतः तिच्यातून उतरले आणि एकेक करून ६५ जणांना वर पाठविले. त्यांच्या धैर्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. माझा प्रश्न निराळा आहे. वरच्या शेतात नेमके कोठे छिद्र पाडावे, म्हणजे ते खालच्या जिवंत माणसांपाशी उघडेल? धैर्यापूर्वी तेथे नकाशा लागला. तो नकाशा कोणी तरी, केव्हा तरी, कंटाळा न करता अचूक काढलेला होता.

तुम्ही विचाराल, मग आम्ही निवड करावी तरी कशी? नोकरीच्या मुलाखती जवळ आल्या आहेत, गुणांची सरासरी सांभाळावयाची आहे. हे आक्षेप खोटे नाहीत. घरी वडिलांनी कर्ज काढलेले असते, हे मी जाणतो. म्हणून मी तुम्हांला साधेच चार प्रश्न देतो. पहिला, हा विषय मला पुढे एकट्याने पुस्तकावरून शिकता येईल काय? येत असेल, तर तो आज सोडण्यास हरकत नाही. ज्याला प्रयोगशाळा, उपकरणे किंवा जाणता शिक्षक लागतो, तो आज घ्या. संगणकाची एखादी आज्ञावली नोकरीत सहा आठवड्यांत शिकता येते, पण खडकाचा नमुना हातात घेऊन त्यातील भेगा ओळखणे तसे शिकता येत नाही. दुसरा, माझ्या अनिवार्य विषयांत कोणती गोष्ट गृहीत धरून सोडून दिली आहे? पाणी, काळ, शेजारची इमारत, काम संपल्यानंतरची जमीन यांपैकी काही तरी सापडेल. तिसरा, कुंपणापलीकडच्या शाखेतील निदान एक विषय मी घेतला आहे काय? आणि चौथा, हा विषय मी घेतला नाही, तर तो बंद पडेल काय?

या चौथ्या प्रश्नाचे तुम्हांला आश्चर्य वाटेल. विषय जिवंत ठेवण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांवर का टाकावी? ती मुख्यतः आमचीच आहे, आणि विद्यापीठांनी दहा डोकी मोजून विषयाचे भवितव्य ठरवू नये, हे मी सर्व सभांतून म्हणत आलो आहे. जे ज्ञान क्वचित लागते, पण लागते तेव्हा माणसांच्या प्राणांशी गाठ असते, त्याची किंमत वर्गातील उपस्थितीवरून काढता येत नाही. एखादा विषय दर दोन वर्षांनी एकदा चालवावा, जवळच्या दोन महाविद्यालयांनी मिळून चालवावा, चार विद्यार्थ्यांसाठीही चालवावा. तथापि तुमची खूण हीदेखील एक शक्ती आहे. तुम्ही ती न जाणता वापरता, एवढेच.

मी सही केलेला तो कागद आता कोठे तरी जुन्या फायलीत असेल. तो परत घेता येत नाही. परंतु पुढील आठवड्यात तुमच्यापुढे जो कागद येईल, तो अजून कोरा आहे. घरी न्या, एक रात्र जवळ ठेवा, ज्याला नाव ठाऊक नाही अशा एखाद्या विषयाच्या अध्यापकाकडे जाऊन दहा मिनिटे बसा, आणि मग खूण करा.